पावसाळ्यात पाइपची तंबाखू वाळवताना

पंचगंगा पात्राबाहेर पडते त्या दिवसांत कोल्हापुरात मिठालासुद्धा पाणी सुटतं. मग तंबाखू नुसती उघडी ठेवून वाळणार कशी? उलट हवेतली ओल ओढते, पाइपात गुडगुडते आणि जीभ भाजते ती वेगळीच. एका वेळेपुरतीच काढा, स्टीलच्या ताटलीत विरळ पसरा आणि जुन्या पिवळ्या बल्बच्या टेबल लॅम्पखाली वीतभर अंतरावर ठेवा. एलईडीला तेवढी ऊब नसते. तवा तर नकोच, सुगंध आधी उडतो. दहा मिनिटांनी चिमटीत दाबून पाहा: गोळा राहिला तर अजून ओली, सोडल्यावर हळूहळू उलगडली तर तयार, कुरकुरली तर जास्त झालं. बाकीची तंबाखू लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत.