मळीपासून सायट्रिक आम्ल : प्रयोगशाळेत करायची रीत

अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेत बुडालेली आणि लोह, मँगनीज, जस्त यांना मोताद असली की सायट्रिक आम्ल बाहेर टाकते. भरपूर साखर आणि मोजकी पोषकद्रव्ये हे सूत्र जेम्स करी यांनी 1917 मध्ये मांडले. मराठवाड्यात साखरेसाठी कारखान्याची मळी स्वस्त पडते. अडचण एकच, तिच्यात हे धातू भरपूर असतात.

मळी आणण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परवानगीची चौकशी करा. बी-हेवी मळी (साखर काढण्याच्या दुसऱ्या टप्प्यानंतर उरणारी) मिळाली तर उत्तम, तिच्यात साखर जास्त आणि राख कमी. कांद्यावरची काळी बुरशी खरवडून वापरू नका. काही जाती विष तयार करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून सायट्रिक आम्लासाठीचा वाण मागवा.

50 टक्के साखरेची 300 ग्रॅम मळी डिस्टिल्ड पाण्यात मिसळून एक लिटर करा, म्हणजे साखर 15 टक्के येते. बोअरचे पाणी आणि लोखंडी भांडे दोन्ही टाळा. काच किंवा स्टेनलेस स्टील चालेल. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.5 ग्रॅम आणि अमोनियम सल्फेट 1 ग्रॅम घाला. नायट्रोजन वाढवण्याचा मोह नको, बुरशी नुसती माजते. पीएच 6.5 करून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) 15 मिनिटे ठेवा.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. द्रावण 80 ते 90 अंशांवर असतानाच उकळलेले पोटॅशियम फेरोसायनाइडचे द्रावण त्यात घाला. हे लोह, जस्त वगैरे धातूंना धरून गाळ करते. मात्रा प्रत्येक मळीला वेगळी लागते, म्हणून एकाच मळीचे चार फ्लास्क लावून लिटरला 0.3, 0.5, 0.7 आणि 0.9 ग्रॅम करून पाहा. कमी पडले तर साय (पृष्ठभागावर धरणारा बुरशीचा थर) जाड होते आणि आम्ल येत नाही. जास्त झाले तर बीजाणू रुजतच नाहीत. गरम आम्लधर्मी द्रावणात फेरोसायनाइड कधीही घालू नका, हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. पीएच 6.5 ठेवण्यामागे हेही कारण आहे. हे काम फ्यूमहूडमध्येच (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या बंद कपाटात) करा.

पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवायच्या घट्ट माध्यमावर 30 अंशांत 5 ते 7 दिवस वाढवलेले बीजाणू 0.1 टक्के ट्वीन-80 (बीजाणू पाण्यात नीट मिसळवणारा साबणासारखा पदार्थ) घातलेल्या निर्जंतुक पाण्यात सोडवा. तोंडाला मास्क हवा, दमेकऱ्यांनी तर दूरच राहावे. 500 मिलीच्या फ्लास्कमध्ये गार झालेले 100 मिली माध्यम घेऊन मिलीमागे साधारण एक लाख बीजाणू पडतील असे टाका, कापसाचा बोळा लावा आणि 28 ते 30 अंशांवर न हलवता ठेवा. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गारही करणारा बीओडी इन्क्युबेटरच लागतो, म्हणून हिवाळ्यातला गळीत हंगाम सोयीचा.

दोनेक दिवसांत पृष्ठभागावर पांढरी साय धरते, मग तिला सुरकुत्या पडतात. फ्लास्क हलला की साय बुडते आणि हवा न मिळाल्याने काम थांबते. चौथ्या-पाचव्या दिवशीच ती काळी पडली तर धातू किंवा नायट्रोजन जास्त राहिले असे समजा.

आठव्या ते बाराव्या दिवसात टायट्रेशन करा, म्हणजे अल्कली थेंबथेंब घालून आम्ल मोजा. मळीच्या रंगात फिनॉफ्थॅलिनचा गुलाबी रंग दिसत नाही. 1 मिली नमुना 50 मिली पाण्यात घालून पीएच मीटरवर 8.3 पर्यंत न्या. 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचा 1 मिली म्हणजे 6.4 मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल. शून्य दिवसाचे रीडिंग वजा करायला विसरू नका, मळीत स्वतःची आम्ले असतात. पीएच वरच राहिला तर ऑक्सॅलिक किंवा ग्लुकॉनिक आम्ल बनते आणि टायट्रेशनला त्यातला फरक कळत नाही. पातळ केलेल्या नमुन्यात थोडे अ‍ॅसिटिक आम्ल आणि कॅल्शियम क्लोराइड घाला. थंडच असताना पांढरा गढूळपणा आला तर ऑक्सॅलिक आहे.

आम्ल काढायला द्रव गाळा, गार असतानाच चुन्याची निवळी नव्हे तर दाट दूध पीएच 7 येईपर्यंत घाला आणि मग 90 अंशांपर्यंत तापवा. 10 ग्रॅम आम्लाला सुमारे 5.8 ग्रॅम विरलेला चुना लागतो. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून गरम असतानाच गाळा आणि गरम पाण्यानेच धुवा. सुकलेल्या 1 ग्रॅममध्ये सुमारे 0.67 ग्रॅम सायट्रिक आम्ल असते.

महाविद्यालयात इथेच थांबा. सल्फ्युरिक आम्लाने सायट्रेट फोडताना फेरोसायनाइड उरले असेल तर पुन्हा तोच विषारी वायू सुटतो. हे सायट्रेट खाण्याच्या कामाचे नाही. साय ऑटोक्लेव्ह करून टाका, आणि उरलेले द्रावण शेतात किंवा गटारात न ओतता रासायनिक कचऱ्याच्या वेगळ्या कॅनमध्ये, आम्लापासून लांब साठवा.