नंबर येईपर्यंत स्टॉकहोम

पुण्याहून स्टॉकहोमला आले तेव्हा ऑक्टोबर होता. बॅगेत थंडीचे कपडे कोंबून भरले होते, त्यातले निम्मे बिनकामाचे निघाले. तिकडच्या जॅकेटला इथला वारा जुमानत नाही. जॅकेट इथेच घ्या. त्या जागेत मिक्सर आणा. व्होल्टेज इथेही 230च, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो. तूप मात्र आणू नका. युरोपीय संघाबाहेरून सामानात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढेही नाहीत. हे आईला पटवणं व्हिसापेक्षा अवघड गेलं. तूप इथे घरीच कढवता येतं, पण लोण्याच्या पाकिटावर 'उसाल्तात', म्हणजे बिनमिठाचं, असं लिहिलंय ना ते बघा. पहिल्या खेपेला माझी बेरी इतकी खारट झाली की टाकून दिली. कढीसाठी 'फीलम्योल्क' नावाचं आंबट दूध मिळतं, त्याने काम झकास भागतं.

आता खरी गोष्ट. इथे तुम्ही कोण हे तुमचा पर्सननंबर ठरवतो: जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. वर्षभर किंवा त्याहून जास्त राहणार असाल तर तो कर खात्याकडून, म्हणजे स्काट्टेवेर्केटकडून मिळतो. नंबर नाही तर बँक खातं अडतं, खातं नाही तर मोबाइलवरचं बँकआयडी, म्हणजे डिजिटल ओळखपत्र नाही, आणि बँकआयडी नाही तर स्विश नाही. स्विश म्हणजे इथलं यूपीआय. शाळेच्या जत्रेतला केकसुद्धा लोक स्विशनेच घेतात. माझा नंबर यायला काही आठवडे लागले. तेवढ्या काळासाठी भारतातलं, परदेशात चालणारं कार्ड जवळ असू द्या. मेट्रोच्या फाटकावर आणि बसमध्ये ते नुसतं टेकवलं की झालं. बसमध्ये रोख घेतच नाहीत. कुटुंब सोबत असेल तर लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला निघण्याआधीच अपॉस्टील करून, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का मारून घ्या. इथून ते काम करायचं म्हणजे भावाला हेलपाटे.

घराचं थोडक्यात सांगते. शहराच्या घरवाटपाच्या रांगेत पहिल्याच आठवड्यात नाव घाला, कारण तिथे तुमचे दिवस मोजले जातात. मध्यवस्तीत नंबर लागायला दहा वर्षंही जातात. तोवर दुसऱ्याच्या भाड्याच्या घरात पोटभाडेकरू. घर न बघता आगाऊ पैसे मात्र कुणालाही देऊ नका.

आणि मग तळघरातली 'त्वेत्तस्तूगा', म्हणजे इमारतीची सामाईक धुलाईखोली. आमच्याकडे भिंतीवर एक फळा आहे. आपल्या किल्लीचं छोटं कुलूप हव्या त्या दिवसाच्या आणि वेळेच्या भोकात अडकवलं की ते तीन तास आपले. मी आपली 'दहा-वीस मिनिटांनी काय होतंय' या हिशेबाने ड्रायर चालू ठेवून वर पोळ्या करत बसले. खाली गेले तर कपडे नीट घडी करून टोपलीत, वर चिठ्ठी: तुमची वेळ 1 वाजता संपली. ड्रायरची जाळीही साफ केलेली नाही. खाली सही नाही, पण उद्गारचिन्हं दोन. मी रडकुंडीला आले. ऑफिसमध्ये दुपारच्या फीकाला, म्हणजे कॉफी आणि दालचिनीच्या बनला, ही गोष्ट सांगितली तर सगळे हसले. अशा चिठ्ठ्यांना स्वीडिशमध्ये चक्क नावच आहे, 'रागावलेली चिठ्ठी'. त्या दिवशी पहिल्यांदा सहकारी माझ्याशी कामापलीकडचं बोलले. फीकाला उठायचा कंटाळा करू नका, ओळखी तिथेच होतात.

डिसेंबरात सूर्य तीनच्या आत मावळतो. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारा, जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा आणि सरकारी मोफत स्वीडिश वर्गात तेव्हाच नाव घाला. संध्याकाळी दुसरं करायचंय तरी काय?

परवा माझ्या वेळेला खाली गेले तर ड्रायरमध्ये दुसऱ्याच कुणाच्या चादरी. दहा मिनिटं वाट पाहिली. मग चादरींची घडी घातली आणि कागद-पेन आणायला वर आले.