नेटवर्कमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता वापरताना या चुका टाळा

घुसखोरी ओळखणाऱ्या मॉडेलने चाचणीत ९९ टक्के अचूकता दाखवली, तर समाधान मानण्याआधी ते नेमके कशावरून ओळखते आहे, हे तपासावे. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने अशा चाचण्यांसाठी १९९९ मध्ये तयार केलेल्या डेटात १२६ आणि २५३ ही टीटीएल मूल्ये (पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आणखी किती राउटर ओलांडू शकतो हे सांगणारे आकडे) केवळ हल्ल्याच्या पॅकेटांत होती, तर नेटवर्कच्या नेहमीच्या वाहतुकीत बहुतांशी १२७ आणि २५४ होती. हा फरक हल्ल्यांचा नसून वाहतूक कृत्रिमरीत्या निर्माण करण्याच्या मांडणीचा होता, त्यामुळे खऱ्या नेटवर्कवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून डेटातील एकेक स्तंभ, म्हणजे टीटीएलसारखे एकेक वैशिष्ट्य, वगळून मॉडेल पुन्हा चालवावे आणि एखादाच स्तंभ वगळल्याने अचूकता कोसळली, तर त्याचा हल्ल्याशी खरोखर काय संबंध आहे, याचा शोध घ्यावा.

नोंदींची सरमिसळ करून त्यांतल्या काही चाचणीसाठी बाजूला काढणे हीदेखील सर्रास होणारी चूक आहे, कारण त्यामुळे मॉडेलला नंतरच्या काळाची झलक शिकतानाच मिळते. आधीच्या आठवड्यांवर शिकवावे, नंतरच्या आठवड्यांवर तपासावे.

सर्वाधिक वेळ मात्र मापनातील दोष खातात, असे माझे ठाम मत आहे. राउटरमधून गेलेले बाइट मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो, आणि १ गिगाबिट प्रति सेकंद वेगाची लिंक पूर्ण भरून वाहत असेल, तर हे साधारण दर ३४ सेकंदांनी घडते. वाचन दर ५ मिनिटांनी होत असेल, तर मधल्या काळात काउंटर किती वेळा फिरला हे कळण्यास मार्गच उरत नाही. आलेखात प्रत्यक्षात न झालेली घसरण दिसते आणि मॉडेल तिलाच बिघाड समजून शिकते. अशा वेळी मॉडेल बदलून काहीही साधत नाही, ६४ बिटांचे काउंटरच वाचावे लागतात.

हल्ले विरळ असतात, हेही विसरू नये. १० लाख जोडण्यांत १०० हल्ले असतील आणि निर्धोक जोडण्यांपैकी अवघ्या १ टक्क्यावर खोटा इशारा निघत असेल, तरी सुमारे १०,००० खोटे इशारे निघतात. त्या ढिगाऱ्यातून खरे इशारे वेचणारा माणूस काही दिवसांत त्यांकडे दुर्लक्ष करू लागला, तर त्यात त्याचा दोष नाही. रोज किती इशारे नीट तपासता येतील, यावरून इशारा देण्याचा उंबरठा ठरवावा.

वायफायचे चॅनेल (लहरींचे पट्टे) निवडण्याचे काम मॉडेलच्या हाती देताना विशेष जपावे. शेजारचे दोन ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी उपकरणे) चॅनेल १ वरील गर्दी पाहून एकाच वेळी ६ वर गेले, की गर्दी तिकडे होते, दोघेही पुन्हा मागे फिरतात आणि प्रत्येक फेरीत वापरणाऱ्यांची जोडणी तुटते. दोन बदलांमध्ये किमान अंतर ठेवावे, प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची निर्णयाची वेळ वेगळी असावी, आणि सुरुवातीचे काही आठवडे मॉडेलने केवळ सुचवावे, बदल माणसाने करावा.