क्वांटममधली लहर समजून घेताय? या चुका टाळा

क्वांटम फिजिक्समध्ये इलेक्ट्रॉनसारखे कण लहरीच्या रूपात मांडतात. यातली सगळ्यात कॉमन चूक म्हणजे इलेक्ट्रॉन सापासारखा वळवळत पुढे जातोय असं चित्र डोक्यात घेऊन बसणं. पुस्तकातल्या आकृतीत लहर म्हणून काढलेली वेडीवाकडी रेघ म्हणजे त्याचा रस्ता नाहीये. पाण्यावरच्या लाटेत पाणी हलतं, आवाजात हवा हलते, इथे हलणारं माध्यमच नाही. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने 1926 मध्ये या लहरीचं समीकरण मांडलं आणि त्याच वर्षी मॅक्स बॉर्नने सांगितलं की या लहरीच्या मापाचा वर्ग केला की कण कुठे सापडायची किती शक्यता आहे ते कळतं.

आता हे वाचून बरेचजण म्हणतात, म्हणजे लहर हीच शक्यता. इथे खरी गोची होते! शक्यता कधी उणे नसते, दोन शक्यता एकमेकींना खोडू शकत नाहीत, लहरी मात्र खोडतात. दोन बारीक फटींमधून इलेक्ट्रॉन सोडले की मागच्या पडद्यावर पट्टे उमटतात ते याचमुळे, म्हणून आधी दोन्ही फटींमधून आलेल्या लहरींची बेरीज आणि मग वर्ग, हा क्रम उलटा केलात की पडद्यावरचे पट्टे गायब.

दुसरं, अर्धा इलेक्ट्रॉन या फटीतून आणि अर्धा त्या फटीतून जातो असं समजू नका. 1989 मध्ये जपानमध्ये तोनोमुरांच्या टीमने एकेक इलेक्ट्रॉन सोडून बघितलं, तर दरवेळी एकच अख्खा ठिपका, सुरुवातीला नुसते कुठेही विखुरलेले, हजारो जमले तेव्हा कुठे पट्टे उमटले. त्यामुळे 'इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून पट्टे येतात' हेही बाद.

"बघितलं की लहर मोडते" यातल्या बघण्याला माणूस लागत नाही हं. वाटेत हवेचा रेणू जरी धडकला आणि कुठून गेला याचा माग राहिला, तरी पट्टे पुसट होतात.

आणि ते 'प्रत्येक वस्तू लहर आहे, म्हणून तुमच्या व्हाइब्स सगळ्यांपर्यंत पोचतात' वालं प्रकरण. भौतिकशास्त्रज्ञ द ब्रॉयचं तरंगलांबीचं सूत्र साधं आहे, प्लांकचा स्थिरांक (एक अतिशय छोटा ठरलेला आकडा) भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग). 160 ग्रॅमचा बॉल सेकंदाला 40 मीटरने टाकला तर तरंगलांबी येते 10 चा उणे 34 वा घात मीटर, प्रोटॉनसुद्धा याच्यापुढे अवाढव्य. 54 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची मात्र 0.167 नॅनोमीटर, म्हणजे साधारण अणूंमधल्या अंतराएवढी, म्हणूनच डेव्हिसन आणि जर्मरना 1927 मध्ये निकेलच्या स्फटिकावर ती पकडता आली. तेव्हा कुणी फ्रिक्वेन्सी वाढवायचा कोर्स विकायला आलं तर आधी तरंगलांबी काढून मागा.