'पोवार'चं 'पॉवर' होऊ नये म्हणून: मोबाइलचा कीबोर्ड कसा आवरावा

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ आमचं चपलांचं छोटं दुकान आहे. निम्म्या ऑर्डरी आता मोबाइलवर येतात आणि पार्सलचे पत्तेही मोबाइलवरच भरावे लागतात. मागच्या लग्नसराईत पोवार आडनावाच्या एका काकींचं पार्सल परत आलं. कुरिअरच्या ॲपमध्ये मी नाव इंग्रजी अक्षरांत भरलं होतं, तेही बरोबर. पण आडनाव संपवून स्पेस दाबली आणि कीबोर्डनं त्याचं 'पॉवर' करून टाकलं. मी न बघता पुढं गेलो. लेबलवर 'पॉवर' छापलं, काकींच्या ओळखपत्रावर 'पोवार', आणि पार्सल काही त्यांच्या हाती पडलं नाही. मुलाच्या लग्नासाठी मागवलेली कापशी चप्पल लग्न पार पडल्यावर आमच्याच दुकानात परत आली. ते मला फार लागलं. त्यानंतर ऑटोकरेक्टचं, म्हणजे कीबोर्ड परस्पर शब्द बदलतो त्याचं, सगळं नीट समजून घेतलं, ते इथं सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. शब्द बदलतो तो कीबोर्ड, ॲप नव्हे. त्यामुळे व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी हे बटण सापडणार नाही. ॲप फार तर कीबोर्डला सांगू शकतं, 'या रकान्यात दुरुस्ती करू नकोस'. ते ॲप बनवणाऱ्याच्या हातात असतं, त्याबद्दल शेवटी.

शब्द बदलला तर लगेच काय करायचं

दुरुस्ती बहुतेक वेळा स्पेस किंवा विरामचिन्ह दाबल्यावर होते. म्हणून नाव लिहून झालं की स्पेस दाबण्याआधी कीबोर्डच्या वरच्या पट्टीकडं बघा. तुम्ही लिहिलेला शब्द तिथं जसाच्या तसा दिसत असेल, तर त्यावरच बोट ठेवा. आयफोनवर तो अवतरणचिन्हांत दिसतो. शब्द बदलून गेलाच, तर दुसरं काही टाइप करण्याआधी एकदा बॅकस्पेस दाबा. जीबोर्डवर, म्हणजे अँड्रॉइड फोनवरच्या गूगलच्या कीबोर्डवर, मूळ शब्द परत येतो. २०२३ साली आलेल्या आयओएस १७ पासून आयफोन बदललेल्या शब्दाखाली थोडा वेळ रेघ दाखवतो. त्यावर टॅप केलं की जुना शब्द मिळतो.

कीबोर्डला आपले शब्द शिकवा

माझं मत विचाराल तर ऑटोकरेक्ट सरसकट बंद करण्याआधी हे करा. अर्धा तास लागतो, पण रोजचा त्रास जातो.

अँड्रॉइडवर जीबोर्ड असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जा, मग 'डिक्शनरी', 'पर्सनल डिक्शनरी', आणि भाषा निवडा. तिथल्या अधिकच्या चिन्हावर टॅप करून शब्द टाका. भाषा निवडताना गडबड करू नका. 'पोवार' तुम्ही इंग्रजी अक्षरांत लिहिणार असाल, तर तो इंग्रजीच्या यादीत गेला पाहिजे, मराठीच्या नव्हे. मी पहिल्यांदा सगळे शब्द मराठीत भरले होते आणि 'पॉवर' येतच राहिलं.

आयफोनवर 'सेटिंग्ज', 'जनरल', 'कीबोर्ड', 'टेक्स्ट रिप्लेसमेंट' असं जा. 'फ्रेज'मध्ये शब्द लिहा आणि 'शॉर्टकट'ची जागा रिकामी सोडून सेव्ह करा. मग आयफोन त्या शब्दाला हात लावत नाही.

आम्ही आधी ऑर्डरीच्या वहीतली आडनावं भरली, मग गावं. शिये लिहिलं की माझ्या फोनवर 'शाइन' व्हायचं. मग मालाचे शब्द घातले: कापशी, पायताण, पुकरी. मार्केट यार्डात आमचे एक पाहुणे गुळाच्या अडतीत असतात. त्यांच्या फोनवर 'रवा'चं 'रेव्ह' आणि 'ढेप'चं 'डीप' होत होतं. त्यांनाही हीच वाट दाखवली. घरच्या बोलण्यातलं 'लई', 'व्हय', 'न्हवं' मराठीच्या यादीत घाला. आपली बोली कीबोर्डला चूक वाटते म्हणून आपण ती लिहायची सोडू नये.

उलटही होतं. घाईत चुकीचा लिहिलेला शब्द कीबोर्ड शिकून बसतो आणि पुन्हा पुन्हा पुढं करतो. जीबोर्डवर पट्टीतला तो शब्द दाबून धरा आणि वर दिसणाऱ्या कचऱ्याच्या डब्यावर ओढून सोडा. आयफोनवर एकेक शब्द असा काढता येत नाही. 'रीसेट कीबोर्ड डिक्शनरी' केलं की शिकलेलं सगळंच जातं, म्हणून ते अगदी नाइलाज झाल्यावरच.

बंदच करायचं असेल तर

जीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट करेक्शन' किंवा 'करेक्शन्स अँड सजेशन्स' यांपैकी एक नाव दिसेल. आत 'ऑटो-करेक्शन' बंद करा, पण सूचनांची पट्टी राहू द्या. शब्द सुचवणं वेगळं आणि परस्पर बदलणं वेगळं. सॅमसंगच्या स्वतःच्या कीबोर्डवर यालाच 'ऑटो रिप्लेस' म्हणतात. आयफोनवर 'जनरल', 'कीबोर्ड', 'ऑटो-करेक्शन'. शब्दाखाली येणारी लाल रेघ हा शुद्धलेखन तपासण्याचा निराळा भाग आहे. ती फक्त खूण करते, शब्द बदलत नाही.

लॉगिन आणि कोडचे रकाने

दुकानात येणारी माणसं फोन पुढं करून म्हणतात, 'दादा, बरोबर टाकलंय तरी आत घेईना.' बऱ्याचदा कारण डोळ्यांना दिसतच नाही. पट्टीतला शब्द निवडला की कीबोर्ड त्याच्यामागं एक स्पेस टाकतो. ईमेल किंवा यूजरनेमच्या शेवटी ती स्पेस राहते आणि काही ॲप 'चुकीचं नाव' म्हणून नाकारतात. कर्सर शेवटी नेऊन एकदा बॅकस्पेस दाबून बघा. दुसरं, पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं. जीबोर्डवर 'ऑटो-कॅपिटलायझेशन' बंद करता येतं, आयफोनवरही तसंच बटण आहे. तिसरं फक्त आयफोनचं: 'स्मार्ट पंक्चुएशन' दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतं, त्यामुळे कॉपी केलेला कोड चालतो पण हातानं लिहिलेला चालत नाही. तेही बंद करता येतं.

ॲप बनवून घेणाऱ्यांसाठी

दूध संस्था असो, पतसंस्था असो की आमच्यासारखं दुकान, ॲप करून देणाऱ्याला हे आवर्जून सांगा. नाव, गाव, यूजरनेम आणि कोडच्या रकान्यांत ऑटोकरेक्ट बंद हवं. आयओएसमध्ये रकान्याचं 'ऑटोकरेक्शन टाइप' हे 'नो' ठेवतात. अँड्रॉइडमध्ये 'इनपुट टाइप'ला 'टेक्स्ट नो सजेशन्स' लावतात, पण ती विनंती असते आणि प्रत्येक कीबोर्ड ती पाळेलच असं नाही. फ्लटरमध्ये (अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकदम ॲप बनवायचं साधन) 'ऑटोकरेक्ट' आणि 'एनेबल सजेशन्स' अशी दोन वेगळी बटणं आहेत. एकच बंद केलं तर अँड्रॉइडवर अर्धंच काम होतं. सभासद क्रमांक आणि पिनकोडला सरळ आकड्यांचा कीबोर्ड द्या.

मात्र तक्रार किंवा निरोप लिहायच्या मोठ्या रकान्यात हे काही बंद करू नका. बरीच माणसं रोमन अक्षरांत टाइप करून वरच्या पट्टीतून देवनागरी शब्द निवडतात. पट्टीच गेली तर 'कळे' आणि 'काळे' यांतला हवा तो शब्द त्यांनी निवडायचा कुठून?

ॲप हातात आलं की पैसे चुकते करण्याआधी एक अँड्रॉइड आणि एक आयफोन घेऊन बसा. पोवार, शिये, कापशी असे रोजचे पाच-दहा शब्द प्रत्येक रकान्यात लिहा, प्रत्येकानंतर स्पेस दाबा, आणि सेव्ह झालेलं नाव पुन्हा उघडून वाचा.