टीमक्स सोर्समधून बिल्ड करताय? या चुका टाळा

टीमक्स म्हणजे एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम. तो सोर्स कोडमधून बिल्ड करताना 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट आधी मशीन तपासते, मग 'मेक' कोड कंपाइल करतं आणि 'मेक इन्स्टॉल' तो मशीनवर बसवतं. कोल्हापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये असो की घरच्या लॅपटॉपवर, उबुंटूवर बिल्ड अडकलं की 'मेक: एरर १' या शेवटच्या ओळीचा फोटो मित्राला जातो. त्या ओळीत काहीच नसतं. वर सरकत जा आणि जिथे पहिल्यांदा 'एरर' शब्द आलाय तिथे थांबा. कॉन्फिगरमध्येच गाडी अडली असेल तर त्याच फोल्डरमधली 'कॉन्फिग डॉट लॉग' फाइल उघडा.

निम्मे लोक डाउनलोडलाच चुकतात. गिटहबच्या रिलीज पानावरची 'सोर्स कोड' नावाची झिप आपोआप तयार झालेली असते, तिच्यात कॉन्फिगर स्क्रिप्टच नसते. आवृत्तीचा आकडा असलेली टार-जीझेड फाइल घ्या. गिटने कोडची प्रत, म्हणजे क्लोनच केलं असेल तर आधी 'ऑटोजेन' स्क्रिप्ट चालवा. त्यासाठी ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक ही साधनं मशीनवर हवीत. फोल्डरच्या नावात स्पेस नको, नाहीतर 'अनसेफ' म्हणून कॉन्फिगर तिथेच हात वर करतं.

सगळ्यात जास्त डोकं खाते 'लिबइव्हेंट नॉट फाउंड' ही तक्रार. लिबइव्हेंट ही टीमक्सला लागणारी लायब्ररी. लायब्ररी तर मशीनवर दिसत असते! पण ती चालणाऱ्या प्रोग्रामपुरती. कंपायलरला हेडर फाइल (लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या) लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजात असतात. उद्यमनगरच्या फाउंड्रीत तयार नग समोर असला तरी पॅटर्नशिवाय दुसरा ओतता येत नाही, तसंच हे. बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, बायसन, लिबइव्हेंट-डेव्ह आणि लिबएनकर्सेस-डेव्ह ही पाच पॅकेजं आधीच टाका आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा.

'सुडो मेक' करू नका. सुडो म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवणं. तसं केलं की फाइल्स रूटच्या नावावर जातात आणि पुढच्या साध्या मेकला 'परमिशन डिनाइड' येतं. सुडो फक्त 'मेक इन्स्टॉल'ला. लॅबमध्ये सुडो नसेल तर कॉन्फिगरला प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची जागा) म्हणून होममधलं 'डॉट लोकल' द्या. त्यातलं 'बिन' फोल्डर नव्यानेच तयार झालं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या, मगच ते पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत येतं.

मेकला 'जे' (एका वेळी किती कामं, म्हणजे जॉब्स चालवायची ते सांगणारा पर्याय) देताना पुढे आकडा लिहा. नुसत्या 'जे'ने जॉब्सवर मर्यादाच राहत नाही. टीमक्स लहान आहे, निभावतं. पण हीच सवय ४ जीबी रॅमवर मोठ्या सी-प्लस-प्लस प्रोजेक्टला लावली की रॅम संपते आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपायलरलाच मारून टाकतो. गुऱ्हाळात काहिलीखाली एकदम जाळ वाढवला तर रस करपतो, हे इथे कुणाला सांगायला नको.

इन्स्टॉल झालं, तरी 'टीमक्स -व्ही' (व्ही कॅपिटल) जुनीच आवृत्ती दाखवतं? शेलला जुन्या टीमक्सचीच जागा आठवतेय. 'हॅश -आर' द्या. 'प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच' आलं तर टीमक्सचा जुना सर्व्हर (उघडी सत्रं सांभाळणारा भाग) अजून मागे चालू आहे. म्हणून एपीटीने (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) टाकलेलं जुनं पॅकेज घाईने काढू नका: 'यूएसआर-बिन'मधल्या जुन्या टीमक्सनेच चालू सत्राला अटॅच व्हा, उघड्या फाइल्स सेव्ह करा आणि त्याच्याकडूनच 'किल-सर्व्हर' द्या.