तोच कॉन्फ्लिक्ट परत परत सोडवत बसू नका

बाहेरून आलेला मोठा पॅच (कोडमधला बदल) मुख्य कोडमध्ये मर्ज व्हायला कधीकधी महिने जातात, तोवर मेन ब्रँच, म्हणजे मुख्य कोड, पुढे गेलेली असते आणि दर रीबेसला (आपला बदल नव्या कोडवर पुन्हा बसवताना) तोच कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी केलेल्या दोन बदलांची टक्कर, पुन्हा डोकं वर काढतो. कोथरूडला आम्ही काही जण शनिवारी पॅच तपासायला बसतो, तिथे एकीने गिटचं (कोडमधले बदल सांभाळणारं टूल) रेरेरे दाखवलं, एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवणारी सोय, स्पेलिंग आर-ई असं तीनदा. फारच कामाचं आहे हे!

१. एकदाच: गिट कॉन्फिग --ग्लोबल रेरेरे.एनेबल्ड ट्रू
२. कॉन्फ्लिक्ट नेहमीसारखा हाताने सोडवून कमिट करा, गिट तो लक्षात ठेवतं, साधारण 60 दिवस.
३. पुढच्या वेळी तोच कॉन्फ्लिक्ट आला की फाइल आपोआप दुरुस्त होते, आपण फक्त बघून गिट ॲड करायचं.

पण चुकीचं सोडवलेलंही ते तसंच लावतं, तेव्हा ती आठवण पुसायला गिट रेरेरे फरगेट आणि पुढे फाइलचं नाव द्या.